सुनीती, सुरुची आणि अढळपद

गेल्या आठवड्यात मंत्रालयात एका पेन्शनच्या फाइलसाठी चक्कर मारावी लागली, आईच्या फॅमिली पेन्शनची, ती कथा वेगळी आणि तिच्यावर इथे लिहायला बसले तर बीपी वाढेल म्हणून सोडते. साहेब लंचला गेलेले, म्हणून मी बाहेर येऊन समोरच्या फुटपाथवर उभी राहिले आणि मंत्रालयासमोरच्या त्या ऑफिसर लोकांच्या बिल्डिंग्ज बघत बसले. सुनीती. सुरुची. लहानपणापासून शंभर वेळा वाचलेली नावं, पण त्या दिवशी एकदम ट्यूब पेटली. अरे, या तर ध्रुवबाळाच्या दोन आया!

आठवतंय ना, उत्तानपाद राजाच्या दोन राण्या. सुनीती म्हणजे ध्रुवाची सख्खी आई, ती नावडती. सुरुची आवडती. ध्रुव बापाच्या मांडीवर बसायला गेला तर सुरुचीने त्याला ढकलून दिलं, ही जागा तुझी नाही म्हणाली, मग तो पोरगा रुसून रानात गेला, तप केलं आणि देवाकडून अशी जागा मागून घेतली की जिथून कोणी उठवणार नाही. अढळपद.

आता ज्या कोणी नावं ठेवली त्याच्या डोक्यात बहुतेक सुनीती म्हणजे चांगली नीती आणि सुरुची म्हणजे चांगली आवड एवढंच असणार. पण मला फार मजा वाटली, कारण या दोन बिल्डिंगांत राहणाऱ्या माणसांना जर एखादी गोष्ट कधीच मिळत नसेल तर ती म्हणजे अढळपद. तीन वर्षं झाली की बदली. सरकार बदललं की तीन महिन्यांतसुद्धा. आणि मंत्रिमंडळ मोठं झालं की मलबार हिलचे बंगले पुरत नाहीत, मग मंत्र्यांनाच सुरुची, अवंती, अंबरमधली घरं द्यावी लागतात, म्हणजे तिथेही मांडीवरून ढकलाढकली आहेच.

हे सगळं मला इतकं का सुचतंय तर मी स्वतः सरकारी क्वार्टर्समधली पोरगी. पण त्या क्वार्टर्समधली नव्हे हं. आम्ही वांद्र्याच्या गव्हर्मेंट कॉलनीतले. बाबा मंत्रालयात क्लार्क, मग सहायक, आणि आम्ही पाच माणसं दोन खोल्यांत, पावसाळ्यात एका भिंतीला बुरशीचा नकाशा उठायचा तो दिवाळीपर्यंत वाळायचा नाही, पीडब्ल्यूडीच्या ऑफिसात अर्ज दिला की ते लोक येऊन बघून जायचे. फक्त बघूनच. तरी वांद्र्यात, स्टेशनपासून चालत, मैदान, झाडं, शंभर पोरं खेळायला, आम्ही सुखात होतो आणि आम्हाला ते कळत नव्हतं.

बाबा कधी कधी रविवारी मला घेऊन मरीन ड्राइव्हला जायचे आणि चर्चगेटवरून चालताना क्रिकेट क्लबजवळची 'यशोधन' दाखवायचे. 'हे आमच्या साहेबांचं घर' असं म्हणायचे. साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे, घर तेच. लहान असताना मला खरंच वाटायचं की साहेब नावाचा एकच माणूस आहे आणि तो फक्त चेहरा बदलतो.

आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीत दिल्ली!

माझ्या मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, क्लास वन ऑफिसर, ऑडिट अँड अकाऊंट्समधले, ते केंद्रात डेप्युटी सेक्रेटरी झाले तेव्हा त्यांना काकानगरात घर मिळालं. काकांचं घर काकानगरात, हा आमच्या घरातला पंधरा वर्षं पुरलेला जोक. झाकीर हुसेन मार्गावर, समोर गोल्फ क्लब, जवळच सुंदरनगर आणि पलीकडे प्राणिसंग्रहालय. रात्री गच्चीवर पाणी मारून खाटा टाकून झोपायचो आणि पहाटे सिंहाची डरकाळी ऐकू यायची. वांद्र्याला परत आल्यावर हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवायचं नाही, एक मुलगा तर म्हणाला तुझे काका घोरत असतील.

पहिल्यांदा ते घर बघितलं तेव्हा मी आईला हळूच विचारलं होतं की हे पण गव्हर्मेंट क्वार्टर्सच का गं. आई म्हणाली हो. मला काही केल्या पटेना. पुढे लॉन, मागे अंगण, त्यात मावशीने लावलेली भेंडी-वांगी, ड्रॉइंग रूम वेगळी आणि डायनिंग वेगळं, खिडकीत वाळ्याचे पडदे लावलेला घरघरणारा कूलर. दोन्ही सरकारचीच घरं, पण एकाच बापाची दोन लेकरं, एक मांडीवर आणि एक खाली, ध्रुवाचीच केस झाली की हो. (हे तेव्हा सुचलं नव्हतं, आत्ता सुचलं, प्रामाणिकपणे सांगते.)

दिल्लीच्या या वसाहतींमध्ये एक गंमत असते जी मुंबईत एवढी जाणवत नाही. घराचा पत्ता सांगितला की माणसाचा पगार कळतो. केंद्र सरकारच्या घरांचे टाईप वन ते टाईप एट असे आठ प्रकार, आणि तुमच्या पे लेव्हलवर ठरतं तुम्हाला कुठलं. त्यातही पोटभेद. टाईप फाइव्ह-ए म्हणजे जुन्या भाषेत डी-टू, फाइव्ह-बी म्हणजे डी-वन, सिक्स-ए म्हणजे सी-टू, सिक्स-बी म्हणजे सी-वन. डेप्युटी सेक्रेटरीला डी-टू, डायरेक्टर झालात की डी-वन, जॉइंट सेक्रेटरी झालात की सी-टू. आणि हे दाराबाहेर पाटीवर लिहिलेलं असायचं! डी-टू अमुक, काकानगर. म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवर, पोराच्या शाळेच्या फॉर्मवर, सगळीकडे तुमची रँक छापून जाणार. तिथल्या बायका पण बोलताना सहज म्हणायच्या, 'वो लोग तो अब सी-टू में शिफ्ट हो गए,' आणि त्या 'अब'मध्ये किती काय काय भरलेलं असायचं ते मावशी घरी आल्यावर आईला मराठीत समजावून सांगायची.

मावशी स्वतः मात्र कोरडी राहिली असं मी म्हणणार नाही. काका डायरेक्टर झाले तेव्हा डी-वनसाठी वेटिंग लिस्ट एवढी लांब की वर्षभर नंबर लागेना, आणि तेवढं वर्ष तिने भिशी पार्टीला जायचं टाळलं. प्रमोशन झालंय पण घर जुनंच. लोक काय म्हणतील!

काकांना यातलं काहीच टोचायचं नाही. ते म्हणायचे ही पद्धत आपली नाहीच, इंग्रज ठेवून गेले. आणि ते खरंच आहे. 1931 साली नवी दिल्लीचं उद्घाटन झालं त्याच्या आधीच कागदावर ठरलं होतं की कोण कुठे राहणार. टेकडीवर व्हाइसरॉय, त्याच्या जवळ कौन्सिलचे मेंबर, मग उतरत्या क्रमाने गॅझेटेड ऑफिसर, आणि क्लार्क लोक लांब, गोल मार्केटकडे. जेवढा पगार कमी तेवढा प्लॉट लहान आणि व्हाइसरॉयपासून अंतर जास्त. आपण या सगळ्याला सरसकट ल्युटियन्सचे, म्हणजे नवी दिल्ली आखणाऱ्या आर्किटेक्टचे बंगले म्हणतो, पण त्यातले बरेचसे पांढरे बंगले रॉबर्ट टॉर रसेल नावाच्या दुसऱ्या आर्किटेक्टने काढलेत, त्यानेच कॅनॉट प्लेस पण काढलं. आणि गोल मार्केटच्या सरकारी क्वार्टर्सच्या पत्त्यात अजूनही 'डीआयझेड एरिया' लिहितात, म्हणजे दिल्ली इम्पीरियल झोन! इम्पीरियल गेलं, झोन राहिला.

स्वातंत्र्यानंतर काय केलं तर नावं बदलली. नावं फार गोड ठेवली. सत्य मार्ग, विनय मार्ग, न्याय मार्ग, नीती मार्ग, हे सगळे चाणक्यपुरीत. सरोजिनीनगरचा जो सगळा पट्टा आहे त्याला तर आधी विनयनगर म्हणायचे, मग त्याचे तुकडे करून सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, लक्ष्मीबाईनगर, किडवाईनगर झाले. विनयनगर हे नाव कोणी आणि का काढलं माहीत नाही, पण सरकारी वसाहतीला विनय नाव देणाऱ्याला विनोदबुद्धी होती एवढं नक्की.

आता सर्वंट क्वार्टरबद्दल. हे मला आजही नीट गिळता येत नाही. मोठ्या टाईपच्या घरांना मागे एक खोली असते, वेगळ्या दाराची, संडास-बाथरूम बाहेर, आणि तिथे एक अख्खं कुटुंब राहतं. भाडं नाही, पण त्या बदल्यात बाईने तुमच्या घरी धुणं-भांडी-स्वयंपाक करायचा. पगार मिळतो, नाममात्र. मावशीकडे जे कुटुंब होतं ते गढवालचं, त्यांची मुलगी माझ्याच वयाची, आम्ही दुपारी जांभळाच्या झाडाखाली खेळायचो, दिल्लीच्या रस्त्यांवर इंग्रजांनी जांभळं लावली आहेत ना, जुलैत फुटपाथ नुसता जांभळा होतो. एकदा मी तिच्या खोलीत गेले तर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. एक खोली, भिंतीला ओल, दोरीवर कपडे. आमच्या वांद्र्याच्या घराचाच वास. मी मावशीला आनंदाने सांगितलं की त्यांचं घर सेम आमच्यासारखं आहे, आणि मावशीचा चेहरा असा काही झाला की आईने मला बाहेर पाठवलं. मला खूप वर्षांनी कळलं की मी काय बोलले होते.

काकांची बदली झाली किंवा घर बदललं की त्या कुटुंबाचं काय होणार हे नव्या साहेबांच्या मर्जीवर. ठेवलं तर ठेवलं. काका सी-टूमध्ये गेले तेव्हा मावशी त्यांना सोबत घेऊन गेली, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. पण साहेबांची वेटिंग लिस्ट असते, प्रायॉरिटी डेट असते, नियमांचं पुस्तक असतं. मागच्या खोलीला कसलीच लिस्ट नाही.

लोकांचा एक ठरलेला आक्षेप असतो की ऑफिसर लोक करोडोंच्या जागेत फुकट राहतात. अगदी फुकट नाही, पण जवळपास. लायसन्स फी, म्हणजे या घरांचं सरकारी भाडं, इतकी किरकोळ की त्या पैशात खान मार्केटात दोघांचं धड जेवण होणार नाही. खरा तोटा असतो तो घरभाडे भत्त्याचा, क्वार्टर घेतलं की तो बंद. हिशोब करून बघा, जॉइंट सेक्रेटरीचं बेसिक 1,44,200 पासून सुरू होतं, दिल्ली-मुंबईत हा भत्ता आता 30 टक्के, म्हणजे महिन्याला 43 हजारांच्या आसपास सोडायचे. आता 43 हजारांत त्या भागात तुम्हाला गॅरेजसुद्धा कोणी देणार नाही. माझं मत विचाराल तर वरच्या जागेवरच्या माणसाला ऑफिसजवळ सुरक्षित घर द्यायला माझी काही हरकत नाही, त्याने बिल्डरच्या उपकाराखाली राहावं त्यापेक्षा सरकारच्या घरात राहिलेलं कधीही चांगलं. हरकत आहे ती पाच माणसांना एकीकडे दोन खोल्या आणि दुसरीकडे दोन माणसांना लॉन, याला. पण हे मी काकांसमोर कधी बोलले नाही, त्यांच्या लॉनवर मी कैऱ्या खाल्ल्या आहेत.

हल्ली मात्र लॉन जात चाललीत. काकांचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, तोही सरकारी नोकरीतच, परवाच्या थंडीत त्याच्याकडे गेले होते. तो ईस्ट किडवाईनगरमध्ये राहतो, एम्सजवळ, दिल्ली हाटपासून चालत. तिथे पूर्वी पन्नासच्या दशकातली एकमजली-दुमजली क्वार्टर्स होती, ती सगळी पाडून एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीने टॉवर उभे केलेत, साडेचार हजारांच्या वर फ्लॅट. घर उत्तम आहे, लिफ्ट आहे, खाली गाड्यांसाठी बेसमेंट आहे, पण मला बिल्डिंग सापडेना, सगळे टॉवर एकसारखे, शेवटी वॉचमनला विचारलं तर त्याने पहिला प्रश्न काय विचारावा? 'टाईप कौन सा, मॅडम?' म्हटलं चला, काही तरी जुनं शिल्लक आहे.

घर मिळायची पद्धत पण बदलली. काकांच्या वेळी संपदा निदेशालयात, म्हणजे ही घरं वाटणाऱ्या खात्यात, कोणाला तरी ओळखणं फार उपयोगाचं असायचं. आता सगळं ऑनलाइन, दर महिन्याला रिकाम्या घरांची यादी लागते, तुम्ही पसंतीक्रम भरायचा आणि कॉम्प्युटर सीनियॉरिटीप्रमाणे वाटप करतो. भाऊ म्हणाला की महिन्याच्या त्या दिवशी अख्ख्या डिपार्टमेंटात कोणाचं कामात लक्ष नसतं, दहावीच्या रिझल्टसारखं वातावरण.

सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर आणि आणखी चार अशा सात वसाहतींचं हेच चाललंय. 2016 मध्ये कॅबिनेटने मंजुरी दिली, जवळपास 13 हजार जुनी घरं पाडून 25 हजारांच्या वर नवी, खर्च 32 हजार कोटींहून जास्त, आणि सरकार खिशातून फार काही घालणार नाही, त्यातलीच काही जागा ऑफिसांसाठी विकून पैसा उभा करणार. 2018 मध्ये तिथली हजारो झाडं तोडायची वेळ आली तेव्हा लोक रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारल्या, हायकोर्टाने तोड थांबवली, पुढे बरंच काय काय झालं. आणि नौरोजीनगर तर राहायचं राहिलंच नाही, तिथे वर्ल्ड ट्रेड सेंटर उभं केलंय. ज्या दादाभाईंनी हिंदुस्थानातला पैसा बाहेर कसा वाहून जातो याचा आयुष्यभर हिशोब मांडला त्यांच्या नावाच्या वसाहतीत चौरस फुटाच्या दराने ऑफिसं विकली, आता बोला.

इकडे आमची वांद्र्याची कॉलनी पण त्याच वाटेवर. बऱ्याच बिल्डिंगा धोकादायक म्हणून रिकाम्या केल्या, आणि नव्या हायकोर्टासाठी तिथली 30 एकर जागा, त्याचं भूमिपूजन 2024 च्या सप्टेंबरात झालं. उरलेले लोक कित्येक वर्षं हक्काची घरं मागतायत. बाबांची पण तीच इच्छा होती. रिटायर झाले तेव्हा आम्ही डोंबिवलीला गेलो, वन रूम किचन, पीएफच्या पैशात, आणि पहिल्या दिवशी बाबांनी भिंतीवर हात फिरवून बघितला, ओल आहे का म्हणून.

काकांच्या रिटायरमेंटचं वेगळं. तोवर ते बरेच वर चढले होते. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षांत स्वतः कधी इस्त्रीचे कपडे आणायला बाहेर पाऊल टाकलं नाही, त्याला ठराविक मुदतीत घर खाली करायचं होतं. आता निवृत्तीनंतर सहा महिने राहता येतं, त्यानंतर डॅमेज रेंट, म्हणजे दंडाचं भाडं, लागतो, तो दणदणीत असतो, आणि तरीही नाही निघालात तर 1971 च्या कायद्याखाली सामान बाहेर. तरी चिकटून बसणारे असतातच. माजी मुख्यमंत्र्यांना जन्मभर बंगले देणारा उत्तर प्रदेशचा कायदा सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये रद्द केला तेव्हा काका फोनवर खूष होऊन म्हणाले होते, 'बरं झालं, मी तर मुदतीच्या अकरा दिवस आधी किल्ली दिली होती.' अकरा दिवस. तारखेसकट लक्षात.

आता ते पुण्यात असतात, कोथरूडला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. ऐंशी पार केलीय. मागच्या महिन्यात गेले होते तर स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता आणि काकांनी एका फुलस्केपवर इंग्रजीत, तारीख घालून, विषय लिहून, अर्ज तयार करून ठेवला होता. दिल्लीत कसं असायचं, नळ गळला की सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, एन्क्वायरी ऑफिसात कंप्लेंट द्यायची, ते नंबर द्यायचे, मग कधी तरी माणूस यायचा. मी म्हटलं काका, हा अर्ज कोणाला देणार? सोसायटीच्या चेअरमनला, म्हणाले. मी म्हटलं घरातला नळ आहे, आपणच प्लंबर बोलवायचा. ते थोडा वेळ विचार करत बसले.

मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून माणूस बोलावून आणला, त्याने दहा मिनिटांत वायसर बदलला, दीडशे रुपये घेतले. तो जात असताना मावशी म्हणाली अरे थांब, तेवढा एक खिळा पण ठोकून जा, कॅलेंडर बारा वर्षं खिडकीच्या गजाला लटकवलंय, हे भिंतीला खिळा मारूच देत नाहीत. प्लंबरने हातोडी काढली आणि काका खुर्चीतून अर्धे उठले, 'अगं, परमिशन...' एवढं म्हणाले आणि मग स्वतःच हसायला लागले.

खिळा अजून मारलेला नाही. मावशीला परवा फोनवर विचारलं.